ओ द्यायची नाही

आमच्या घरात हाकेला ओ द्यायची पद्धत नव्हती. हाक ऐकू आली की हातातलं खाली ठेवायचं आणि निघायचं. आई शिवणकाम करायची, तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. आम्हाला बोलवायचं झालं की ती टाचण्या काढून मुठीत घ्यायची, मागच्या दारात येऊन एकदाच ओरडायची, "ए मोठे, ए धाकटे," आणि टाचण्या परत तोंडात. दुसरी हाक मारायला तिचं तोंड रिकामं नसायचंच. एकदा मी लांबूनच ओ दिली आणि खेळत राहिले. घरी गेल्यावर ती म्हणाली, "तुझ्या ओची काजं करू की बटणं? मला ओ नको, पाय हवेत." त्यानंतर मी आणि धाकटीने जन्मात कधी हाकेला ओ दिली नाही. शाळेत हजेरीलासुद्धा आम्ही गप्प उठून उभ्या राहायचो आणि बाईंची बोलणी खायचो.

तेव्हा आमची गल्ली म्हणजे शहराची शेवटची गल्ली. मागच्या दाराबाहेर पडलं की मोकळं रान. रान तरी कसलं, खुरटी झुडपं, खडक आणि माणसांच्या पायांनी पडलेल्या वाटा. त्या वाटांना काही शिस्त नव्हती, पण कुठलीही धरली तरी ती पोचवायची. आईचा आवाज जिकडून आला तिकडे तोंड करून पळत सुटलं की घर यायचं. यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल कुणाला. मलाही वाटायचं.

लग्नानंतरही मी त्याच घरात राहिले. भाऊ नव्हता, आईची मशीन होती, आणि आमचे हे घरजावई व्हायला तयार होते. मित्र त्यांना चिडवायचे. हे म्हणायचे, "सासू तोंडात टाचण्या धरून बसते, एक शब्द बोलत नाही. असं सासर तुम्हाला मिळालंय का?" धाकटी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि आमची भेट सुट्टीपुरती उरली.

मग शहर फुगायला लागलं. मी त्याच्या नावाने बोटं मोडते, पण माझं पोट त्याच्यावरच भरलं, हे खोटं कशाला सांगू. तयार कपड्यांनी शिलाईचा धंदा बसवला तेव्हा मी पडद्यांकडे वळले. नवी इमारत आली की नव्या खिडक्या आल्या, खिडक्या आल्या की पडदे आलेच. टेप गळ्यात अडकवून मी किती कॉलन्या पालथ्या घातल्या त्याला गणती नाही. सगळी घरं एका साच्यातली. एकदा तर मी चुकीच्या रांगेतल्या घरात शिरून निम्मे पडदे लावले, तेव्हा ती मालकीण म्हणाली, "छान आहेत हो, पण मी सांगितलेच नव्हते." मी पडदे उतरवले आणि मापात एका बोटाचा फरक न करता शेजारच्या रांगेत जाऊन लावले.

आमच्या मागच्या रानातही कॉलनी आली. आधी पत्रे ठोकले, मग खांब उभे राहिले, मग दुमजली घरं. त्याच सुमारास धाकटीचे यजमान गेले. तिचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला, "मावशी, तुझ्या मागेच घर घेतो. दोघी बहिणी शेजारी शेजारी राहा." मला तर आकाश ठेंगणं झालं. घर बघायला मी आणि धाकटी गेलो ते मागच्या पत्र्यांतल्या एका फटीतून. मजूर तिथूनच ये-जा करायचे, आमच्या गल्लीतले लोकही जायचे. आम्ही अंग चोरून आत शिरलो, दोन ढिगारे ओलांडले की घर. धाकटी वरच्या मजल्यावर गेली आणि खिडकीतून ओरडली, "ताई, तुझ्या दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतायत मला." झालं, घर पसंत.

भाच्याने नळ बघितले, वायरिंग बघितलं. मी खिडक्या बघितल्या, माझा जन्मच खिडक्या मोजण्यात गेला. या घराचा रस्ता कुठे उघडतो हे आमच्यापैकी कुणीही बघितलं नाही. आम्हाला वाटलं, आत्ता आलो ना, तोच रस्ता.

धाकटी राहायला आली आणि फट बंद झाली. पत्र्यांच्या जागी भिंत उठली, माझ्या डोक्याच्या वर दोन हात, आणि तिच्यावर काटेरी तार. कॉलनीला एकच फाटक, तेही पार पलीकडे हमरस्त्यावर. माझ्या मागच्या दारातून धाकटीच्या घरामागच्या बाकापर्यंत नाकासमोर गेलं तर चहाचा कप निवायच्या आत पोचावं. पण जायचं कसं? पुढच्या दाराने गल्लीतून बाहेर, बसने चौकापर्यंत, तिथून पुलावरून पलीकडे, मग दुसरी बस पकडून हमरस्त्याने उलटं मागे, मग फाटक, आणि फाटकातून आत वळणं वळणं घेत पुन्हा आपल्याच घराच्या पाठीमागे. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हा. जाऊन यायला अर्धा दिवस मोडायचा.

तरी पहिलं वर्ष आम्ही हसून काढलं. संध्याकाळी मी मागच्या पायरीवर येऊन हाक मारायची, "ए धाकटे." ओ यायची नाहीच. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून चपलांचा आवाज यायचा, म्हणजे बाई हजर. मग मी भिंतीशी स्टूल टाकून बसायची, ती तिकडे बाकावर. दोघी ओरडून बोलायचो. तिच्या सासूच्या तऱ्हा, आमच्या ह्यांच्या तऱ्हा, सगळं त्या कॉलनीला पाठ झालं असेल. फोन होता की, पण धाकटी म्हणायची, "फोनवर तू लांब वाटतेस." कधी ती भिंतीवरून लिंबू फेकायची, मी झेलायची. तारेत अडकलेलं एक लिंबू तिथेच वाळून काळं झालं होतं.

पुढच्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. माणूस अंथरुणाला खिळला आणि मी त्यांच्या उशाला. वळवायचं, पुसायचं, भरवायचं. शेजारची इस्त्रीवाली बसायला आली तरच मी घराबाहेर पडू शकायची, आणि तिलाही तिचं काम होतं. भिंतीत एक दार असतं तर मी दोन औषधांच्या मधल्या वेळात धाकटीकडे जाऊन आले असते.

नगररचना खात्यातली एक बाई माझी गिऱ्हाईक. कापड निवडायला आली तेव्हा मी तिला मागच्या दारात नेऊन भिंत दाखवली. म्हटलं, "हे कसलं शहर बांधताय तुम्ही?" ती बिचारी खाली बघून म्हणाली, "मावशी, नव्या कॉलन्या अशाच होतात. प्रत्येकीला एक तोंड, बाकी सगळीकडून बंद. परका माणूस आतून जाऊ नये म्हणून. लोकांना असंच घर हवं असतं, म्हणून बांधणारेही असंच बांधतात. मग शेजारच्या कॉलनीत जायलासुद्धा हमरस्त्यावर यावं लागतं. शहर पसरतं, पण जोडलं जात नाही. आम्ही कागदावर रस्ते दाखवतो, पण तोवर भिंत उभी राहिलेली असते." मी म्हटलं, "तुकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे पडदा होत नाही बाई, शिवण घालावी लागते." ती म्हणाली, "कळतंय हो मला." कळून काय उपयोग, पण तिच्यावर राग धरवेना. सोसायटीची परवानगी असेल तर दाराला खात्याची हरकत नाही, एवढं मात्र तिने विचारून सांगितलं.

म्हणून मी त्या सोसायटीच्या सभेला गेले. इस्त्रीवालीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि दोन बस बदलून पोचले. भाच्याने विषय मांडला. एक लहान दार, त्याला कुलूप, किल्ल्या दोनच. सेक्रेटरी सभ्य माणूस होता, मला स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, तुमची अडचण आम्हाला समजते. पण आज तुमच्यासाठी दार केलं की उद्या दुसरा मागणार. मग हा रस्ता होईल. रस्ता नको म्हणूनच तर आम्ही सगळे इथे आलो." मी म्हटलं, "मी चोर दिसते का तुम्हाला?" तो म्हणाला, "नाही हो." मी म्हटलं, "मग तुमच्या निम्म्या घरांतले पडदे मी शिवलेत. तुमच्या खिडक्यांच्या आत काय आहे ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." लोक हसले. मग हात वर करायला सांगितले. दाराच्या बाजूने भाचा, त्याची बायको आणि आणखी दोन-तीन हात वर आले. एवढ्या हसणाऱ्या लोकांत तेवढेच हात.

धाकटीचं विसरणं कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भिंतीवरून माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो, आणि आवाज बरेच दिवस ठीक होता. एकच गोष्ट पुन्हा सांगायची, पण ती सवय आमच्या घरात सगळ्यांनाच. मग एकदा तिने विचारलं, "आई आत आहे का गं?" मला वाटलं, चेष्टा करतेय. मी म्हटलं, "हो, टाचण्या शोधतेय." ती खळखळून हसली आणि म्हणाली, "तिला सांग, मी येतेच." आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पुढे एका दुपारी मी तिला हाक मारली. नेहमीसारखीच मारली, "ए धाकटे." स्टुलावर बसून वाट बघितली. चपलांचा आवाज आला, भिंतीवर हात घासल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मला वाटलं सुनेने आत बोलावलं असेल. दिवेलागणीला भाच्याचा फोन आला, "मावशी, आई कुठे आहे?"

ती हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर सापडली. पायात एकच चप्पल. पंपावरच्या माणसाने तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं होतं. ती त्याला म्हणत होती, "ताईने हाक मारलीय, मला सोडा, आई ओरडेल." हाक आली होती म्हणून बाई हातातलं टाकून निघाली होती. आधी सरळ माझ्याकडे आली, तर भिंत. मग दार शोधत फाटकाकडे गेली, फाटकातून रस्त्यावर, आणि रस्ता जिकडे नेईल तिकडे. तिला यायचं होतं माझ्याकडेच, पण जितकी चालली तितकी माझ्यापासून लांब गेली.

भाच्याने फाटकावरच्या राखणदाराला सांगून ठेवलं. सून गुणाची, ती घरूनच काम करते, तिने तिचं मेजच खालच्या खोलीत आणलं. पण सबंध दिवस माणसावर डोळा कोण ठेवणार? पुन्हा एकदा मी हाक मारली, तेव्हा सून फोनवर होती आणि राखणदार एका गाडीवाल्याशी बोलत होता. या वेळी धाकटी शेजारच्याच कॉलनीत शिरली. तिथली घरंही तशीच, तीच पायरी, तेच दार. आपलंच घर समजून एका पायरीवर बसली. त्या घरच्या लोकांनी हटकलं तेव्हा ओशाळून उठली आणि पुढे चालू पडली. रस्त्याच्या कडेला पाइपांसाठी खणलेल्या चरात पडली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. धाकटीला माझ्याकडे आणून ठेवावं असंही मनात आलं, पण एका माणसाला उचलता उचलता माझी कंबर गेली होती.

त्यानंतर भाचा माझ्याकडे आला. ऑफिसातून थेट आला होता, तोही सगळा वळसा घालून. पडद्यांच्या कापडाचे तागे बाजूला सारून स्टुलावर बसला. चहा दिला तो तसाच ठेवला.

"मावशी, रागावू नकोस," तो म्हणाला.

"आधी सांग, मग ठरवते."

"तू आईला हाक मारू नकोस."

मी त्याचा चहा त्याच्याकडे सरकवला.

"आणि तिने मारली तरी भिंतीपाशी येऊ नकोस. बोलू नकोस. तुझा आवाज ऐकला की ती चपला शोधायला लागते. मग तिला आवरता येत नाही. परवा बायकोला ढकललं तिने."

मी तोंडाची फटकळ, तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "घर घेताना डोळे कुठे होते तुझे? बहिणीला बहिणीजवळ आणलंस ना, मग आता तिचं तोंड शिवायला मला सांगतोस? आईला कोंडून घाल, मावशीला मुकी कर, म्हणजे तुझी सोसायटी सुखाने झोपेल." तो सगळं ऐकून घेत होता. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, कानशिलं पांढरी झालेला. "ती चरात पडली तेव्हा पाणी नव्हतं त्यात," तो म्हणाला. "पुढच्या वेळी असेल."

आतून आमचे हे काहीतरी बोलले. त्यांचं बोलणं आता फक्त मलाच कळतं. ते म्हणत होते, "पोराला ओरडू नकोस." मी भाच्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बरं."

बरं म्हणणं सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी मी पायरीवर गेलेच नाही. मागचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तिचीच हाक आली. "ताई, ए ताई." मी गप्प. पुन्हा आली. आमच्यात एका हाकेवर भागायचं, दोनदा हाक मारायची वेळ कधी कुणी कुणावर आणली नव्हती. मी मशीनवर जाऊन बसले आणि पाय मारायला लागले, म्हणजे आवाज ऐकू येऊ नये. मशीनमध्ये कापड नव्हतं, दोराही नव्हता. सुई नुसती वरखाली होत होती. ह्यांनी तिकडे तोंड फिरवलं.

रोज हेच. ती हाक मारायची आणि मी मोकळी मशीन चालवायची. भेटायला जावं तर ह्यांच्या छातीत कफ झाला, ताप चढला, घरात ऑक्सिजनची टाकी आली. सबंध हिवाळा मी उंबरा ओलांडला नाही. भाचा फोनवर सांगायचा, आई बरी आहे, खाते, झोपते, संध्याकाळी बाकावर जाऊन बसते. माझ्याबद्दल काही बोलते का, असं विचारायचा मला धीर होत नव्हता. मनात एकच, ती समजत असेल ताई रागावली. किंवा मेली. कुठलं बरं, ते ठरवत मी रात्र रात्र जागी असायची.

हिवाळा संपता संपता ह्यांना उतार पडला. एके दिवशी दुपारी इस्त्रीवाली येऊन बसली होती, मी पडद्याची कड दुमडत होते. ओठांत टाचण्या होत्या. मागून हाक आली, आणि ती नेहमीची नव्हती.

"ए मोठे."

मला मोठे म्हणून एकच माणूस हाक मारायचं, आणि त्या माणसाला जाऊन किती वर्षं झाली. आवाज धाकटीचा होता, सूर आईचा. एकदाच आली हाक. पुन्हा आली नाही. मी मशीनच्या पट्ट्याला हात घातला आणि माझा पाय काही केल्या हलेना.

ह्यांनीही ऐकलं होतं. माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द ओढत म्हणाले, "जा. मी काही पळून जात नाही." इस्त्रीवालीला यातलं काय कळलं कोण जाणे, ती म्हणाली, "जा ताई, मी बसते संध्याकाळपर्यंत."

मी टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या आणि निघाले. हमरस्त्याच्या बसला गर्दी होती, कुणी जागा दिली नाही आणि मी मागितली नाही. वर्षभरात तिथे आणखी दोन फाटकं उभी राहिली होती, त्यांच्यामागे आणखी त्याच घरांच्या रांगा. मी चुकून एक थांबा आधीच उतरले आणि चालत राहिले. फाटकावर राखणदाराने घर नंबर विचारला, फोन लावला, सही घेतली. आतल्या रस्त्यांना वळण आल्याशिवाय चैन पडत नाही. दोनदा मी चुकीच्या वळणात शिरले. रस्ता पुढे जाऊन गोल व्हायचा आणि संपायचा. दोन्ही वेळा मागे फिरले. गुडघे बोलायला लागले होते.

सुनेने दार उघडलं आणि मला बघून तिचे डोळे भरले. "मागे आहेत," एवढंच म्हणाली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून बाकावर बसली होती. केस कुणीतरी छान विंचरून दिले होते. मनगट जरा वाकडंच जुळलं होतं. वर तारेत ते काळं लिंबू अजून होतं, आणि तारेच्या पलीकडे आमच्या घराचं पत्र्याचं छप्पर. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली.

"या," ती म्हणाली. "बसा."

मला जन्मात तिने कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले.

"हळू बोला हं," ती म्हणाली. "मी ताईला हाक मारलीय. पलीकडे असते ती."

"आली नाही का अजून?" मी विचारलं.

"येईल. निघालीय."

"कशावरून?"

तिने माझ्याकडे बघितलं, लहान मुलाला समजावून सांगतात तसं. "ओ आली का? नाही ना? मग. आमच्यात ओ देत नाहीत. गप्प झाली म्हणजे निघाली." मग भिंतीकडे वळून म्हणाली, "रोज निघते बिचारी. रस्ता फार लांब करून ठेवलाय लोकांनी. मध्येच अंधार पडतो, मग घरी परत जात असेल."

सबंध हिवाळा मी मशीन चालवत बसले होते, आणि ही रोज मला रस्त्याने येताना बघत होती. रागावली म्हणून एकदाही मनात आणलं नव्हतं तिने. मी माझ्या तोंडाने किती जणांना किती लागेल असं बोलले असेन, पण गप्प राहून जेवढं वाईट केलं तेवढं बोलून कधी केलं नव्हतं. आणि तिने तेच माझं पुण्य म्हणून धरलं होतं.

"धाकटे," मी म्हणाले. हळूच म्हणाले.

ती हसली. "तुम्हाला कसं माहीत? घरी मला तेच म्हणतात."

भिंतीपलीकडून आमच्या ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. इस्त्रीवाली त्यांना काहीतरी विचारत होती, तेही ऐकू आलं. धाकटीने कान टवकारले.

"बघा, हालचाल आहे घरात," ती म्हणाली. "तुम्हाला घाई नसेल तर थांबा. भेटून जा तिला. तोंडाची फटकळ आहे, पण मनाची बरी आहे."

"थांबते," मी म्हणाले.

मी तिच्याशेजारी बसायला गेले तर तिने हात आडवा केला. "तिथे नको. तिथे ताई बसेल." मग तिने त्या वाकड्या मनगटाच्या हाताने बाकाची मधली जागा झाडून स्वच्छ केली. मी पलीकडच्या कडेला बसले, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी ताईची वाट बघत राहिलो.